न उगवलेल्या दोन बिया: बहावा आणि कडुनिंबाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका मध्यम आकाराच्या रोपवाटिकेला एकाच लागवडीसाठी १२,००० रोपे द्यायची होती, ७,००० कडुनिंबाची आणि ५,००० बहाव्याची. लागवडीला २४ आठवडे उरले असताना पेरणी झाली. बहाव्याच्या ६,००० पिशव्यांत प्रत्येकी एक बी टाकले, कडुनिंबाच्या ८,००० पिशव्यांत प्रत्येकी दोन. पिशव्यांत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत २:१:१ या प्रमाणात होते. पाणी दिवसातून दोनदा, झारीने.

दोन्ही बिया रोपवाटिकेने स्वतः गोळा केल्या होत्या. बहाव्याचे बी १४ महिन्यांपूर्वीचे होते आणि कापडी पिशवीत ठेवलेले होते. कडुनिंबाचे बी पाच महिन्यांपूर्वीचे. फळे झाडाखालून वेचून, दोन-तीन दिवस ढिगात ठेवून मग गर काढला, बी धुतले, दीड दिवस वाळवले आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तोंड घट्ट बांधून ठेवले. दोन्ही बियांची जागा एकच होती, पत्र्याच्या छपराची खोली. तिथला तापमापक दुपारी ३८ ते ४१ अंश दाखवत असे.

पेरणीआधीची प्रक्रियाही दोघांना एकच झाली. बादलीतल्या बियांवर उकळते पाणी ओतले, रात्रभर तसेच राहू दिले, सकाळी पेरले. याच रोपवाटिकेत बाभळीसाठी आणि सुबाभळीसाठी ही पद्धत अनेक वर्षे चालत आली होती आणि तिथे ती काम करत होती.

अडचण

२१व्या दिवशी बहाव्याच्या जेमतेम १० टक्के पिशव्यांत कोंब दिसत होते, कडुनिंबाच्या सुमारे ४ टक्के पिशव्यांत. ताजे, चांगले कडुनिंबाचे बी एक ते तीन आठवड्यांत उगवते, म्हणजे ‘अजून थोडे थांबू’ म्हणायलाही फारशी जागा नव्हती.

कामगारांचा पहिला अंदाज माती कोरडी पडत असल्याचा होता. म्हणून पाणी दोनदाऐवजी चारदा सुरू झाले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार होता. जे थोडे कोंब वर आले होते त्यांतले काही आठवड्याभरात मातीलगत बारीक होऊन आडवे पडले. ही रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युझेरियम यांसारख्या बुरशा सतत ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत कोवळ्या देठावर तुटून पडतात. दुखणे पाण्याअभावी नव्हते आणि उपायाने दुसरे दुखणे आणले.

तपासणी: कडक बी आणि मेलेले बी

वरून पाहता दोन्ही वाफे सारखेच रिकामे होते. न उगवलेले बी दोन अगदी वेगळ्या कारणांनी गप्प असू शकते: एक तर आत जीव आहे पण पाणी पोचत नाही, नाहीतर पाणी पोचले आहे पण आत जीव नाही. दोन्हींवरचे उपाय उलटे असल्यामुळे माती उकरून बी हातात घेणे हा तपासणीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग ठरला.

वाफ्यातल्या सगळ्या भागांतून, ठरावीक अंतरावरची एक अशा प्रत्येक जातीच्या १०० पिशव्या उकरल्या. बहाव्याच्या १०० बियांपैकी १० उगवल्या होत्या, ७४ जशाच्या तशा तुकतुकीत आणि खड्यासारख्या टणक, ९ मऊ पडून कुजलेल्या, तर ७ बियांना भुंग्याचे गोल छिद्र होते आणि आत पीठ. कडुनिंबाच्या २०० बियांत टणक एकही नव्हती. उगवलेल्या काही सोडल्या तर बाकी साऱ्या नरम, तपकिरी, बऱ्याचशा बुरशीने वेढलेल्या.

पण इथे घाई करण्याचा धोका होता. कडुनिंबाचे बी उकळत्या पाण्याने मेले की साठवणीत आधीच मेले होते, हे उकरलेल्या बियांवरून सांगता येत नाही. उत्तर खोलीत पडलेल्या, पाणी न लागलेल्या शिल्लक बियांत होते. त्यांतल्या ५० बिया उभ्या चिरल्या. कडुनिंबाची जिवंत बीजपत्रे, म्हणजे बियांतल्या दोन जाड डाळिंब्या, हिरवी असतात, मेलेली पिवळट ते तपकिरी होतात. ५०पैकी ९ हिरवी निघाली. म्हणजे साठवणीने आधीच बहुतेक बी संपवले होते आणि उकळत्या पाण्याने उरलेले भाजून काढले. शिल्लक बी हिरवेगार निघाले असते तर सगळा दोष पाण्यावर गेला असता.

मग ओलावा मोजला. बी बारीक करून १० ग्रॅमचा नमुना १०३ अंशांवर १७ तास ओव्हनमध्ये ठेवला. कडुनिंबाचे वजन १०.०० वरून ८.४५ ग्रॅमवर आले, म्हणजे ओल्या वजनाच्या हिशेबाने ओलावा १५.५ टक्के. बहाव्याचा ओलावा ८.४ टक्के निघाला.

या दोन आकड्यांत प्रकरणाचा निम्मा उलगडा आहे. साठवणीतल्या बियांत ओलावा ८–९ टक्क्यांच्या वर असला की कीड वाढू शकते, १२–१४ टक्क्यांच्या वर बुरशी, आणि १८–२०च्या वर ढीग स्वतःच तापायला लागतो. १५.५ टक्क्यांचे बी श्वास घेत असते. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकमध्ये ते आतला प्राणवायू संपवते, उष्णता आणि पाण्याची वाफ सोडते आणि ती वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन पुन्हा बियांवर येते. हवाबंद डबा फक्त वाळलेल्या बियांसाठी. ओले बी ठेवायचेच झाले तर गोणपाटात, पातळ थरात, हवेशीर जागी, आणि तेही थोडेच दिवस.

साठवणीचा एक ढोबळ नियम बियाण्याच्या व्यवहारात प्रसिद्ध आहे: ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना दर १ टक्का ओलावा कमी केला की बियांचे आयुष्य दुप्पट, आणि ० ते ५० अंशांच्या दरम्यान दर ५ अंश तापमान कमी केले की पुन्हा दुप्पट. या हिशेबाने ४० अंशांच्या खोलीऐवजी २५ अंशांची खोली म्हणजे आठपट आयुष्य. मात्र हा नियम वाळवणे सोसणाऱ्या बियांचा आहे. साल, जांभूळ, फणस, आंबा यांचे बी वाळवले की मरते, त्यांना तो लावायचा नाही. कडुनिंब मधल्या गटातले मानले जाते. वाळवणे बऱ्यापैकी सोसते, पण ओलसर अवस्थेत थंडीत ठेवले तर बिघडते. म्हणून ‘फ्रिजमध्ये ठेवा’ हा सरसकट सल्ला इथे घातक आहे. आधी ८ टक्क्यांच्या खाली वाळवणे, थंडीचा विचार नंतर.

बहाव्याचे उलटे झाले. त्याची साठवण, भुंगा सोडला तर, बियांच्या जिवाला मानवली होती, पण टरफल आणखी टणक झाले होते. अनेक शेंगावर्गी बियांत नाळेची खूण, म्हणजे बी शेंगेला जोडलेले असते ती जागा, एकतर्फी झडपेसारखी वागते: बाहेर कोरडे असले की उघडते आणि ओलावा बाहेर जाऊ देते, दमट झाले की मिटते. कोरड्या, तापलेल्या खोलीत १४ महिने काढलेले बी त्यामुळे ताज्या बियांपेक्षा हट्टी निघाले तर नवल नाही. त्यात उकळते पाणी बियांच्या जेमतेम बरोबरीच्या आकारमानाने ओतले होते. इतक्या कमी पाण्याची उष्णता थंड बी आणि बादली लगेच शोषून घेते. पाणी बियांच्या निदान पाचपट हवे.

समोरचे पर्याय

कडुनिंबासाठी चार वाटा होत्या. शिल्लक बी दाट पेरणे, म्हणजे पिशवीत सहा-सात बिया. गणिताने जमते, पण म्हाताऱ्या बियांतून जे उगवेल ते उशिरा आणि अशक्त. ताजी फळे पिकेपर्यंत थांबणे, पण मग लागवडीचा हंगाम हुकला असता. कडुनिंबाच्या जागी दुसरी जात देणे, जे लागवड करणाऱ्यांना मान्य नव्हते. किंवा नीट साठवलेले बी दुसरीकडून आणणे. शेवटची वाट धरली. साधारण पाच महिन्यांचेच, पण ७ टक्के ओलाव्यावर हवाबंद डब्यात १५ अंशांना ठेवलेले ४ किलो बी मिळाले. किलोत सुमारे ४,००० या हिशेबाने १६,००० बिया. वय तेच, साठवण वेगळी, अशी तुलना मुद्दाम ठरवूनही याहून चांगली जमली नसती.

बहाव्याच्या बाबतीत काहीच न करणे हाही खरा पर्याय होता, कारण टणक बी मरत नाही, हळूहळू उगवत राहते. पण ते महिनोन्‌महिने उगवते. पिशव्यांतले बी उकरून पुन्हा प्रक्रिया करण्यात मजुरी फार होती. खोलीत १.२ किलो बी शिल्लक होते, छिद्रे पडलेले वेचून टाकल्यावर सुमारे ६,००० बिया. त्यांवर कोणती प्रक्रिया करायची हे अंदाजाने ठरवण्याऐवजी ५०–५० बियांच्या सहा वाट्या मांडल्या. २४ तास भिजवल्यावर किती फुगल्या आणि १२ दिवसांत किती उगवल्या, असे दोन आकडे टिपले:

काहीच नाही: फुगल्या ३, उगवल्या २
उकळते पाणी, पाचपट: फुगल्या १७, उगवल्या १४
संहत सल्फ्युरिक आम्ल, १० मिनिटे: फुगल्या २१, उगवल्या १९
तेच आम्ल, २० मिनिटे: फुगल्या ४३, उगवल्या ४०
तेच आम्ल, ४० मिनिटे: फुगल्या ४८, उगवल्या ३१
नखे कापायच्या कात्रीने टरफलाला चीर: फुगल्या ४९, उगवल्या ४६

४० मिनिटांच्या वाटीकडे पुन्हा पाहावे. दुसऱ्या दिवशी तीच विजयी वाटत होती. फुगणे म्हणजे दार उघडले एवढेच, आणि आम्ल जास्त वेळ राहिले की दाराबरोबर आतला अंकुरही जाळते. केवळ फुगलेल्या बिया मोजून निर्णय घेणाऱ्याने नेमकी चुकीची वेळ निवडली असती.

२० मिनिटांचे आम्ल आणि चीर यांत निवड करायची होती. ५० किलो बी असते तर आम्लाला पर्याय नव्हता. पण रिकाम्या पिशव्यांसाठीच्या ५,४०० बिया म्हणजे साधारण एक किलो, आणि सवय झाल्यावर एक माणूस तासाला २५०–३०० बियांना चीर देतो. तिघांचा एका दिवसाचा हा उद्योग. दुसरीकडे आम्लासाठी रबरी हातमोजे, चष्मा, आम्ल सोसणारे भांडे, लाकडी काठी, वाहते पाणी आणि वापरलेले आम्ल चुन्याने निष्प्रभ करण्याची सोय लागते, शिवाय आम्लात कधीही पाणी ओतायचे नाही हे हाडीमाशी भिनलेला माणूस लागतो. यांतले इथे जवळजवळ काहीच नव्हते. चीर निवडली, आणि तोच निर्णय बरोबर होता.

प्रत्यक्ष काम

चीर नाळेच्या खुणेच्या विरुद्ध टोकाला, आतला पांढुरका भाग दिसेल न दिसेल एवढीच. अंकुराचे मूळ त्या खुणेकडच्या बाजूने निघते, तिथे कात्री लावली तर त्याचाच शेंडा कापला जातो. पहिल्या शंभरेक बियांत ही चूक झाली, मग प्रत्येकाच्या समोर योग्य आणि अयोग्य चिरेचे एकेक बी चिकटवून ठेवले. १२ तास पाण्यात ठेवून फुगलेल्या बिया निथळल्या, न फुगलेल्या वेगळ्या काढून पुन्हा कात्रीखाली घातल्या. टरफल उघडे पडलेले बी बुरशीलाही उघडे असते, म्हणून निथळल्यावर किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळून सावलीत अर्धा तास सुकवले आणि त्याच दिवशी १ सेंटीमीटर खोल पेरले. चीर दिलेले बी साठवत नाहीत.

रायझोबियमचे (शेंगावर्गी झाडांच्या मुळांवर गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचे) एक पाकीट कोणीतरी उत्साहाने आणून ठेवले होते. बाभूळ, सुबाभूळ यांना ते उपयोगी पडते. बहावा शेंगावर्गी असूनही त्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत, तेव्हा ते पाकीट परत कपाटात गेले.

पेरणी त्याच पिशव्यांत केली, खालचे जुने टणक बी न काढता. हे पुढे नडले.

कडुनिंबाच्या आणलेल्या बियांची उगवण चाचणी पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे लागले असते. एवढे थांबायचे की लगेच पेरायचे? मधला मार्ग काढला. त्याच दिवशी ५० बिया चिरल्या (४१ हिरव्या), आणि टेट्राझोलियम या रसायनाच्या १ टक्का द्रावणात ठेवलेल्या नमुन्यात जिवंत भाग लाल रंगले तेही समाधानकारक होते. उगवण चाचणी समांतर सुरू ठेवून पेरणीला हात घातला. डबा थंड खोलीतून आल्यावर लगेच उघडला नाही. थंड बियांवर बाहेरच्या दमट हवेचे दव पडते आणि महिनोन्‌महिने राखलेला कोरडेपणा तासाभरात जातो. २४ तासांनी उघडला.

एक गोष्ट मात्र निसटली. पहिले १ किलो बी पहाटे टाकीच्या गार पाण्यात भिजत घातले. पूर्ण वाळलेले कडुनिंबाचे बी गार पाणी शोषताना पेशींच्या पडद्यांना इजा होते. भिजवायचे पाणी ३०–३५ अंशांचे, कोमट हवे. उरलेले ३ किलो तसे भिजवले. पहिल्या खेपेची उगवण ४१ टक्के, दुसरीची ६३ टक्के. दोन्ही खेपा वेगळ्या दिवशी पेरल्या गेल्या, त्यामुळे सगळा फरक पाण्याच्या नावावर टाकता येत नाही, पण पुन्हा गार पाणी वापरण्याचे धाडस कोणी करू नये.

या वेळी कडुनिंब पिशवीत पेरले नाही. वाळूच्या वाफ्यात बी आडवे ठेवून वर १ ते दीड सेंटीमीटर वाळू टाकली आणि दुपारच्या उन्हाला जाळीची सावली केली. पहिला कोंब दिसल्यापासून १२ दिवसांत वर आलेली ७,७०० रोपे पिशव्यांत घेतली, नंतर आलेली सोडून दिली. पिशवीत लावताना काडीने खोल भोक पाडून मूळ सरळ सोडले. मूळ वर वळले तर रोप महिनाभर चांगले दिसते आणि लागवडीनंतर दगा देते. पाणी पुन्हा दिवसातून दोनदा, वरची माती सुकू देऊन.

निष्पत्ती

चीर दिलेल्या बहाव्याची पिशव्यांतली उगवण सुमारे ८० टक्के झाली, आणि जवळजवळ सारी पहिल्या दहा दिवसांत. आधीच्या रोपांसह लागवडीयोग्य रोपे ४,४५० भरली, मागणी ५,०००. कडुनिंबाची ६,६०० निघाली, मागणी ७,०००. तूट पुढच्या हंगामावर गेली.

संख्येपेक्षा वाढीतला फरक जास्त बोलका आहे. लागवडीच्या आठवड्यात चीर दिलेल्या बहाव्याची सरासरी उंची ३२ सेंटीमीटर आणि बुंध्याची जाडी ५.६ मिलीमीटर होती. सेंटीमीटरमधल्या उंचीला मिलीमीटरमधल्या जाडीने भागले की ५.७ येते. हे गुणोत्तर ६च्या आसपास किंवा खाली असलेले रोप दणकट समजतात. पहिल्या पेरणीतले टणक बी मात्र सहाव्या ते बाराव्या आठवड्यात अधूनमधून उगवत राहिले. जिथे नव्या बियांचे रोप आधीच होते तिथे एका पिशवीत दोन झाली. कमकुवत रोप उपटले की शेजाऱ्याची मुळे हलतात, म्हणून ते मातीलगत कात्रीने कापावे लागले. जिथे नवे बी उगवले नव्हते तिथे उशिराचे एकटे रोप शेजाऱ्यांच्या सावलीत उंच आणि बारीक झाले: ३८ सेंटीमीटर आणि ३.९ मिलीमीटर, गुणोत्तर ९.७. दुरून पाहणाऱ्याला तीच रोपे सर्वांत चांगली वाटली. ती लागवडीला दिली नाहीत.

कडुनिंबाच्या जुन्या, खोलीतल्या बियांतून आलेली तीनशेएक रोपे वेगळी ठेवली होती. बहुतेकांची पहिली पाने उशिरा आली, बीजपत्रे फिकट होती, आणि दहाव्या आठवड्यात ती नव्या बियांच्या, वयाने लहान असलेल्या रोपांच्याही मागे होती. जीर्ण बियांतला अंकुर सुरुवातीचे दिवस फाटलेले पडदे आणि बिघडलेली यंत्रणा दुरुस्त करण्यात घालवतो, आणि शिदोरीही आधीच खर्चलेली असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोणतीही प्रक्रिया हा तोटा भरून काढत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त चुकलेली गोष्ट म्हणजे पेरणीआधीची चाचणी. पेरणीच्या तीन आठवडे आधी प्रत्येक जातीच्या ५० बिया चिरल्या असत्या आणि १०० ओल्या वाळूत लावल्या असत्या, तर १४,००० पिशव्या भरण्याआधीच दोन्ही दोष कळले असते. कडुनिंबाचा दोष तर साठवणीच्या दिवशीच ओळखता आला असता, आणि त्यासाठी ओव्हनही लागत नाही. कोरड्या बरणीत मूठभर बी आणि दोन चमचे पूर्ण कोरडे मीठ घालून दहा मिनिटे हलवायचे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, बी पुन्हा वाळवायला काढायचे. मीठ सुटे राहिले म्हणजे बी साठवणीला तयार झाले असे मात्र नाही. १५च्या खाली आणि ८च्या खाली यांत बराच पल्ला आहे.

कडुनिंबाची फळे पिवळी होताना झाडावरूनच काढून त्याच दिवशी गर काढायला हवा होता. ढिगातला गर आंबतो आणि बी आतून तापते. वाळवणे उन्हात नव्हे, सावलीत, पातळ थरात, दिवसातून तीन-चारदा परतत. दीड दिवस अपुरा होता. दमट हवेत वाळणे अडले तर बियांच्या वजनाइतके सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) हवाबंद पिंपात बियांसोबत, कापडी पुरचुंड्यांत ठेवणे हा उपाय हाताशी होता. शक्य असेल तिथे तर कडुनिंब साठवूच नये, ताजे पेरून मोठी रोपे सांभाळावीत.

बहाव्याच्या बाबतीत मतभेदाला जागा आहे. पिशव्यांतले टणक बी काढायचा खर्च टाळला, पण पुढे दुहेरी रोपे कापण्यात आणि आठवड्याला उंचीप्रमाणे पिशव्या वेगळ्या करण्यात बहुधा तेवढीच मजुरी गेली. नवे बी वाळूच्या वाफ्यात उगवून पिशवीत घेतले असते तर बरे, असे म्हणता येईल. पण बहाव्याचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि हलवताना तुटते. टणक बी वरच्या दोन सेंटीमीटर मातीसह खरवडून टाकणे हा कदाचित सर्वांत साधा मार्ग होता.

आता त्या रोपवाटिकेत प्रत्येक डब्यावर पाच गोष्टी लिहिल्या जातात: जात, फळ तोडल्याची तारीख, गर काढल्याची तारीख, साठवताना असलेला ओलावा आणि शेवटच्या चाचणीची उगवण. सहावा रकाना प्रक्रियेचा आहे. कडुनिंबाच्या डब्यावर त्यात लिहिले आहे, ‘कोमट पाणी, उकळते नाही’.